मुदत संपत आलेला सारंग

न्हाणीघराचा नळ पूर्ण सोडून सारंग आत फोनवर बोलत होता. नळ कशाला, तर बाहेर ऐकू जाऊ नये. पण पाण्याच्या धबधब्यात पलीकडचा एजंट काय म्हणतोय ते त्यालाच कळेना, म्हणून तो घसा ताणून ओरडत होता. अक्कल म्हणतात ती ही.

"हो हो, माहितीय मला! माझी मुदत संपत आलीय! डॉक्टरकडे जातोय ना! नाही, बायकोला नाही सांगितलं अजून!"

आता आधी हे सांगायला हवं की तो खरा सारंग नव्हताच. सारंग म्हणजे बोटीवरच्या सगळ्या खलाशांचा मुकादम. हा साधा खलाशी. पण सुट्टीवर आला की गल्लीतून असा छाती काढून चालायचा, आणि वाटेत उभ्या रिकाम्या हातगाडीलाही "बाजूला घे रे, बाजूला" असा हुकूम सोडायचा, की लोकांनी चिडवायला म्हणून नाव ठेवलं, सारंग. चिडवता चिडवता ते चिकटलं. गल्लीने दिलेली ही बढती कंपनीने मात्र कधी दिली नाही. आणि आता काही दिवस एजंटचे फोन येत होते. मोठ्या बोटीवर सारंगाची जागा रिकामी झालीय, बोट पुढच्या आठवड्यात निघतेय, कागद ताजे असतील तर जागा तुझी.

कागद ताजे! इथंच तर गोम होती. बोटीवरच्या माणसाची सर्टिफिकेटं दुधासारखी. नुसती ठेवली तरी नासतात. आग विझवता येते त्याचं एक, बोट बुडाली तर जीव वाचवता येतो त्याचं एक, अंगात रोग नाही त्याचं एक. प्रत्येकाची मुदत वेगळी, आणि ती संपते नेमकी माणूस भर समुद्रात असताना, जिथं ना क्लास ना डॉक्टर. म्हणून घरी आलं की आधी कागदांची विचारपूस करायची, मग माणसांची. आगीचं आणि पाण्याचं सारंगाने गुपचूप उरकलं होतं. राहिलं होतं ते मेडिकल.

गुपचूप का? कारण बायको कपडे शिवायचं दुकान काढत होती. स्वतःचं. खिडकीशी मशीन ठेवून लोकांच्या पँटी आखूड करून करून तिने तो गाळा मिळवला होता. आणि ह्याने शब्द दिला होता, "दुकान उघडेल त्या दिवशी मी दारात उभा असेन." लग्नानंतर घरात काहीही मोठं घडलं की हा हमखास कुठल्या तरी समुद्रात असायचा. ह्या वेळी तसं होणार नाही म्हणाला होता. आणि दुकान उघडणार होतं बोट निघून गेल्यावर.

आता बोला.

बायको बाहेर पिळलेल्या कपड्यांची बादली घेऊन उभी होती. नळाला पाणी काही एकसारखं येत नव्हतं. मध्येच दाब जायचा, नळ नुसता फुसफुसायचा, आणि नेमकं तेवढं तेवढं बोलणं बाहेर यायचं.

"...माझी मुदत संपत आलीय..." धोधो. "...बायकोला नाही सांगितलं. हाय खाईल ती..." धोधो. "...छे हो, दुकान उघडेपर्यंत मी कुठला असतोय..." धोधो.

तिच्या हातातून पँट निसटून फरशीवर पडली. तिने ती उचलली आणि दोरीवर वाळत घातली. उलटी.

सारंग शिट्टी वाजवत बाहेर आला.

"कोणाचा फोन होता?" तिने विचारलं.

"राँग नंबर."

"एवढा वेळ?"

"चिकट होता."

एरवी हे एवढ्यावर सुटलं नसतं. ह्या बाईने त्याला साध्या केळ्यांच्या भावावरून उलटतपासणीत घेतलं होतं. पण जो माणूस मरायला टेकलाय आणि आपल्याला त्रास नको म्हणून राँग नंबर म्हणतो, त्याला काय विचारणार? तिने डोळे पुसले आणि भावाला बोलावून घेतलं.

भाऊ ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. दिवसभर शिकाऊ लोकांशेजारी जीव मुठीत धरून बसायचं म्हणजे सवय लागतेच. कुठंही बसलेला असो, काही भीतीचं ऐकलं की त्याचा पाय जमिनीवर दाबला जायचा. ब्रेक. बहिणीचं ऐकता ऐकता त्याने पायाखालची चटई पार भिंतीपर्यंत सरकवली.

"ताई, नीट आठव. मुदत म्हणाले की मदत?"

"मुदत. चांगलं ओरडून म्हणाले."

"बाकी वागण्यात काही फरक?"

"परवा गाळ्यासाठी लाकूड बघायला जातो म्हणून गेले. आले तर अंगाला धुराचा वास, कानात काजळी. आणि त्याच्या आधी पिशवीत ओली चड्डी सापडली. माणूस कोरडा, चड्डी ओली."

भावाने ब्रेक दाबला. "सिगारेट सुरू केली. माणसाला एकदा कळलं ना, आता काय राहिलंय, की तो सगळं करून घेतो. ओढून घेतो, पोहून घेतो."

"अरे, आयुष्य पाण्यावर गेलं त्यांचं! पोहायचं काय राहिलं असेल?"

"पाण्यावर गेलं, ताई. पाण्यात नाही."

हे तिला पटलं. दुःखात माणसाला काहीही पटतं.

भावाने मग नियम घालून दिला. आपल्याला कळलंय हे त्यांना कळू द्यायचं नाही. हसत राहायचं. वाद नाही, टोमणे नाही, मागतील ते द्यायचं. आणि त्यांच्या बहिणीला बोलवायचं, कारण नंतर तिने "मला का नाही सांगितलं" म्हणून जन्मभर ऐकवलं असतं.

सारंगाची मोठी बहीण, आक्का, दुपारीच बॅग घेऊन हजर. ही बाई आणि सारंगाची बायको एका खोलीत बसल्या की भिंतींनाही पोपडे यायचे. तर ह्या दोघी स्वयंपाकघरात एकमेकींचा हात हातात घेऊन चहा पित होत्या. सारंग पाणी प्यायला आत आला, ते दृश्य बघितलं आणि पाणी न पिताच परत फिरला.

त्याच्या मनात पहिली पाल चुकचुकली.

मग एकेक सुरू झालं. जेवताना माशाचा मधला तुकडा त्याच्या ताटात. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला तरी कोणी ओरडलं नाही. पाय टेबलावर ठेवून बघितले, तर बायकोने पायाखाली उशी आणून दिली. मेहुण्याने केव्हाची उसनी नेलेली शिडी परत केली, धुऊन. जाताना मिठी मारली आणि सोडेचना.

"तुला काय झालंय?" सारंग त्याच्या खांद्याआडून गुदमरत म्हणाला.

"काही नाही भावोजी. तुम्ही आहात तोवर आहे सगळं."

"मी आहे तोवर म्हणजे?"

"म्हणजे... आहातच की तुम्ही!" मेहुणा म्हणाला आणि उंबऱ्यावर ब्रेक दाबून निघून गेला.

सारंग काही भोळा नव्हता. बोटीवर मऊ वागणारा माणूस दोनच प्रकारचा असतो, एक ज्याने तुमचं काही चोरलंय आणि दुसरा जो चोरणार आहे. बायको गोड बोलतेय म्हणजे तिला बोटीचं कळलंय. कळलंय आणि भांडत नाही, म्हणजे काहीतरी शिजतंय. पासपोर्ट लपवला असेल? त्याने कपाट उघडून पाहिलं. पासपोर्ट होता. हे तर जास्तच संशयास्पद होतं.

शेवटी त्याने तिला गाठलं. ती मशीनपाशी बसली होती, पण मशीन चालत नव्हतं.

"तुला काही कळलंय का?"

ती दचकली. "मला काय कळणार? तुम्हाला काही सांगायचंय?"

"मला काय सांगायचं असणार? तुला काही विचारायचंय?"

"मी कशाला विचारू? तुम्हीच विचारताय."

"मी विचारत नाहीये. मी विचारतोय की तुला विचारायचंय का."

आक्का दाराआड उभी राहून नाक ओढत होती.

"आक्काला सर्दी झालीय," बायको म्हणाली.

"कालपासून तुम्हा सगळ्यांनाच झालीय," सारंग म्हणाला आणि चपला घालून डॉक्टरकडे निघाला.

गाळ्याचं रंगकाम बघून येतो, असं त्याने सांगितलं. मेहुण्याने ते मुळीच मानलं नाही. तो गल्लीच्या तोंडाशी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी घेऊन टपूनच बसला होता. स्टिअरिंगवर एक शिकाऊ बाई होत्या, त्यांचा तास चालू होता.

"त्या बसच्या मागे घ्या," सारंग बसमध्ये चढताच मेहुणा म्हणाला.

"सर, आज तर रिव्हर्स शिकवणार होतात ना?"

"आज पाठलाग शिकायचाय. घ्या!"

बाईंनी गाडी प्रत्येक सिग्नलला बंद पाडली, पण बसही तशीच रमतगमत जात होती. बस थांबली, सारंग उतरला आणि एका इमारतीत शिरला. बाहेर पाटी होती डॉक्टरची. मेहुण्याचा पाय जागच्या जागी दाबला गेला. ह्या वेळी खाली खरा ब्रेक होता, त्यामुळे बाईंचं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं.

हा डॉक्टर बोटीवरच्या लोकांनाच तपासायचा. आणि माणसांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. एकदा एक खलाशी डोळ्यांचा तक्ता पाठ करून आला होता. डॉक्टरने गंमत म्हणून तक्ता उलटा टांगला, तरी तो घडाघडा तेच म्हणत राहिला. त्या दिवसापासून डॉक्टर रोग्याला आधी आरोपी समजायचा. तरी सारंगात त्याला काही सापडलं नाही. वजन ठीक, दाब ठीक, रंगीत ठिपक्यांतले आकडे सगळे ओळखले.

"उद्या येऊन सही घेऊन जा," डॉक्टर जरा नाराजीनेच म्हणाला.

सारंग उड्या मारत खाली गेला. मेहुणा जिन्याआड लपून होता. तो वर आला आणि टेबलासमोर हात जोडून उभा राहिला.

"डॉक्टर, आत्ता गेले ते माझे भावोजी. मला सगळं माहितीय."

डॉक्टरने चष्मा काढला. "काय माहितीय?"

"ते. त्यांचं. एकच विनंती आहे, त्यांना काही सांगू नका. कागदावर सगळं चांगलंच लिहा."

"मी चांगलंच लिहिणार होतो."

"मोठं मन आहे तुमचं!"

"थांबा. त्यांना झालंय काय?"

"ते तुम्हालाच माहीत."

"मला काही माहीत नाही."

"हां! अगदी असंच म्हणायचं त्यांच्यासमोरही." मेहुण्याने डोळे पुसले, डॉक्टरचा हात दाबला आणि गेला.

डॉक्टरने चष्मा परत घातला. नातेवाईक येऊन सांगतो, कागदावर चांगलं लिहा. एवढा धडधाकट दिसणारा माणूस. एवढा धडधाकट माणूस असतो का कुठं? त्याने सारंगाचा कागद उचलून खणात टाकला आणि खणाला कुलूप लावलं. मग फोन केला.

"सही मिळणार नाही. काही तपासण्या राहिल्यात. आणि येताना घरच्यांना घेऊन या."

"घरच्यांना? का?"

"का ते तुम्हालाच माहीत," डॉक्टर म्हणाला.

पाठोपाठ एजंटचा फोन. "उद्या संध्याकाळपर्यंत मेडिकल हातात पाहिजे. दुसरा एक जण बॅग भरून बसलाय. त्याचे सगळे कागद ताजे आहेत."

"कोण तो?"

"कोण असेना. तुझ्याकडे मेडिकल आहे का?"

सारंग रात्री जेवला नाही. सारंगाची जागा पहिल्यांदा समोर आली होती. पुन्हा कधी येईल कोण जाणे, आणि येईल तेव्हा दुसरं एखादं सर्टिफिकेट नासलेलं असेल. घरच्यांना नेलं नाही तर सही नाही. नेलं तर आपण बोटीवर निघाल्याचं बायकोला तिथंच कळणार. त्याने बराच विचार केला आणि सांगितलं, "उद्या जरा डॉक्टरकडे जायचंय. त्यांनी सगळ्यांना बोलावलंय."

बायकोने हातातली वाटी खाली ठेवली. आक्काने पदर तोंडाला लावला. मेहुण्याने ब्रेक दाबला. कोणीही, का म्हणून विचारलं नाही. सारंगाला वाटलं, झालं, ह्यांना सगळं माहितीय.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. मेहुणा उभाच राहिला, पायाखाली जागा मोकळी ठेवून.

डॉक्टरने सगळ्यांवरून नजर फिरवली. "मला सरळ सांगा. ह्यांना काय आजार आहे?"

"हे तुम्ही आम्हाला विचारताय?" आक्का म्हणाली. "डॉक्टर तुम्ही की आम्ही?"

"हे गृहस्थ काल येऊन म्हणाले, सगळं माहितीय, कागदावर चांगलं लिहा."

सारंग ताडकन वळला. "तू इथं आला होतास?"

"भावोजी, तुमच्यासाठीच..."

"काय माहितीय तुला?"

मेहुण्याने ब्रेक दाबला. बायकोच बोलली. आवाज अगदी बारीक झाला होता. "लपवू नका आता. मी ऐकलंय सगळं. नळ सोडून बोलत होतात तेव्हा. मुदत संपत आली म्हणालात. बायको हाय खाईल म्हणालात." आणि ती रडायला लागली.

माशाचा मधला तुकडा, उशी, शिडी, चहा, सगळं एकदम त्याच्या डोक्यात शिरलं. आणि मग तो ठो ठो हसत सुटला. "अगं, माझी नाही! मेडिकलची मुदत! सर्टिफिकेटाची!"

"म्हणजे मरणार नाही तू?" आक्काने विचारलं. आवाजात थोडी नाराजी होती. ती लांबून आली होती.

"मरतोय कशाला! बोटीवर जायचं म्हणजे मेडिकल ताजं लागतं. आगीचं लागतं, पाण्याचं लागतं. ते आधीच उरकलं. जळत्या पिंपावर पाणी मारायचं, तलावात उडी मारायची."

"चड्डी!" मेहुणा म्हणाला.

सगळे हसले. डॉक्टरनेही खणाचं कुलूप उघडलं. बायको डोळे पुसता पुसता हसत होती. हसता हसता थांबली.

"पण मेडिकलची एवढी घाई कशाला? तुम्ही तर दुकान उघडेपर्यंत घरी आहात ना?"



"ते काय आहे," सारंग म्हणाला, "सारंगाची जागा आलीय. खऱ्या सारंगाची. बोट पुढच्या आठवड्यात..."

"म्हणजे बायकोला सांगितलं नाही ते हे?"

"सांगणारच होतो."

"कधी? बोटीवरून?"

डॉक्टरने पेन उघडलं. त्याला घरच्या भांडणात रस नव्हता. "बाई, म्हणजे ह्यांची तब्येत ठीक आहे ना? तुमची काही तक्रार नाही?"

"तक्रार?" बायकोच्या नाकपुड्या फुगल्या. "एकच तक्रार आहे, डॉक्टर. हे ऐकत नाहीत."

डॉक्टरने पेन परत बंद केलं. "ऐकत नाहीत? कधीपासून?"

"लग्नापासून."

"एकदम कमी झालं, की हळूहळू?"

"पहिल्या वर्षी थोडं थोडं ऐकायचे."

"इंजिनाच्या आवाजाने होतं असं पुष्कळांना," डॉक्टर पुटपुटला आणि लिहायला लागला.

"कसलं इंजिन!" आक्का म्हणाली. "लहानपणापासून आहे त्याला. आईचंही कधी ऐकलं नाही ह्याने."

"म्हणजे जन्मापासून," डॉक्टरने लिहिलं.

"अहो!" सारंग खुर्चीतून उठून ओरडला. "मला व्यवस्थित ऐकू येतं!"

डॉक्टरने मान हलवली. "बघा. असेच मोठ्याने बोलतात. स्वतःचा आवाज कळत नाही ना."

"ती म्हणतेय ऐकत नाही! ऐकू येत नाही असं नाही म्हणाली!"

"ऐकत नाही आणि ऐकू येत नाही, दोन्ही एकच. धोक्याची शिट्टी झाली आणि तुम्ही ऐकली नाही, तर बोट काय फरक करणार आहे का?"

त्याने बेल वाजवली. शेजारच्या खोलीत काचेची एक पेटी होती, माणूस आत बसेल एवढी. कान तपासायची. डॉक्टरच्या मदतनीस बाईंनी सारंगाला आत बसवलं, कानांवर हेडफोन घातले, हातात बटण दिलं. "टूं वाजलं की दाबायचं. बारीक असलं तरी दाबायचं. बाकी काही करायचं नाही."

दार बंद झालं. आत इतकी शांतता की त्याला स्वतःचं रक्त फिरताना ऐकू येत होतं. पहिलं टूं आलं. त्याने दाबलं. दुसरं आलं. दाबलं. काय अवघड होतं ह्यात? साधा सोपा प्रकार. सारंगाच्या जागेत आणि त्याच्यात एवढीच पेटी होती.

तेवढ्यात त्याची नजर काचेबाहेर गेली.

बायको डॉक्टरपाशी उभी होती. बोलत होती, भराभर, दोन्ही हात हलवत. डॉक्टर ऐकत होता. सारंग पुढे झुकला. काय सांगतेय ही? तिने छातीवर बोट ठेवलं. छातीवर! छातीत दुखतं म्हणतेय माझ्या! मग तिने हात कंबरेएवढ्या उंचीवर धरला. कंबर! दोरखंड ओढताना एकदा कंबर धरली होती, ते काढलं हिने. टूं वाजलं असावं. नसावंही. आक्का मान डोलवत होती, मेहुणा हात जोडत होता. सगळे सामील. दोन दिवस मासे खाऊ घातले ते ह्यासाठी. तिने त्याच्याकडे बोट दाखवलं आणि डॉक्टरने नकाराची मान हलवली. संतापाने सारंगाची मूठ आवळली. मुठीत बटण होतं. ते दाबलं गेलं. परत दाबलं गेलं. तो तिच्या ओठांवर डोळे लावून बसला. "जा" म्हणाली का "जाऊ नको" म्हणाली? कानात कुठं काय वाजत होतं ह्याच्याकडे त्याचं अजिबात लक्ष नव्हतं.

दार उघडलं तेव्हा मदतनीस बाईंच्या चेहऱ्यावर दया होती.

डॉक्टरने निघालेला आलेख दोन्ही हातांनी धरून पाहिला. "उजवा सुरुवातीला ठीक. डावा शून्य. आणि हे बघा, आवाज नसताना तीनतीनदा बटण दाबलंय. जे वाजतं ते ऐकू येत नाही आणि जे वाजत नाही ते येतं."

"पुन्हा घ्या! आत्ता घ्या! माझं लक्ष नव्हतं!"

"कानाला लक्ष लागत नाही. कानाला विश्रांती लागते. पुढच्या महिन्यात या."

"पुढच्या महिन्यात बोट असेल कुठं?"

"ते मला कसं माहीत असणार?" डॉक्टर म्हणाला. "मी कानांचा डॉक्टरही नाही."

एजंटने फोन पहिल्याच घंटीला उचलला. सारंगाने सांगितलं. एजंट म्हणाला, बरं, आणि ठेवून दिला. दुसऱ्याची बॅग भरलेलीच होती.

सगळे जिना उतरायला लागले. आक्का आणि मेहुणा पुढे, हे दोघं मागे. मधल्या वळणावर सारंग थांबला. भांडायला थांबला होता तो. पण हळूच म्हणाला, "मिळालं ना मनासारखं? सांगून टाकलंस सगळं. छाती, कंबर."

"कसली कंबर?"

"काचेतून दिसत होतं मला."

"दिसत होतं?" ती म्हणाली. "अहो, मी त्यांना म्हणत होते, ते कानाचं मी रागात बोलले. दुकान माझं आहे, मी उघडीन, मी आहे." तिने छातीवर बोट ठेवलं. "म्हटलं, एवढे होते तेव्हापासून बोटीचं वेड त्यांना, आक्कांना विचारा." तिने कंबरेएवढा हात धरला. "डॉक्टर म्हणाले, मी माणसांचं मानत नाही, मशीनचं मानतो, त्याने बटणं नीट दाबली की लगेच सही करतो. मी म्हटलं, दाबतील हो, एवढं तर येतं त्यांना."

सारंगाने कठड्याला धरलं.

"तू म्हणालीस मला जाऊ द्या?"

"म्हटलं, त्यांना जाऊ द्या. सारंग होऊ द्या एकदा."

"काय?"

"ऐकलंत की."

"नाही ऐकलं. पुन्हा सांग."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. थट्टा करतोय? लबाडी? इतकी वर्षं हा माणूस तिला कधी नीट कळला नव्हता. आणि मशीन काही खोटं बोलत नाही, असं डॉक्टर म्हणाला होता. खरंच नसेल येत ऐकू? लग्नापासूनच नसेल येत?

ती एक पायरी वर चढली, त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेलं, आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ते परत सांगितलं.